उतरंड

तीन रकाने होते. रुंद पडद्यावर
एका बाकावर बसल्यासारखे शेजारी-शेजारी:
डावीकडे बोटीचं वेळापत्रक,
मधे हवामान, वाऱ्याचा बाण,
उजवीकडे सूचना.
रान्वाला ते आवडायचं. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.

मग धक्क्यावरून हेयिनचा फोन आला.
फेरो बेटांवर फोनमध्ये आधी वाराच बोलतो,
माणूस नंतर.
"तुमची अक्षरं मुंग्यांएवढी.
एक रकाना दिसतो, दोन समुद्रात पडतात."

तिनं रुंदी मोजली. तीनशे नव्वद पिक्सेल.
एवढ्याशा जागेत तिघांना बसवायचं
म्हणजे कुणाचा तरी खांदा मोडणार.
तिनं नियम लिहिला: पडदा अरुंद झाला
की एकाखाली एक व्हायचं.
झाले. निमूट.

दोन दिवसांनी पुन्हा वारा, पुन्हा हेयिन.
लोकरीची पोती घेऊन तो चार तास उभा होता.
'फेरी रद्द'
हे दोन शब्द होते तर खरे,
वेळापत्रकाच्या खाली, हवामानाच्याही खाली,
अंगठ्यानं नऊदा ढकलल्यावर लागणाऱ्या तळाशी.
शेजारी होते तेव्हा ते कुणाच्याच खाली नव्हते.

समोरच्या टेबलावरून मी म्हटलं,
माझ्या भाषेत याला उतरंड म्हणतात.
मडक्यावर मडकं. रोज लागतं ते वर,
वर्षातून एकदा लागतं ते तळाला.
आपोआप रचली जात नाही ती,
कुणाचा तरी हात लागतो.

रान्वानं शैलीतला एक आकडा बदलला,
सूचना टुणकन वर. दिसायला सगळं नीट.

तिसरा फोन सोल्रुनचा, हेयिनच्या वहिनीचा.
तिला दिसत नाही, फोन पान वाचून दाखवतो.
आणि तो वाचणारा आवाज
आमची रंगरंगोटी मानत नाही.
मुळात ज्या क्रमानं लिहिलं, त्याच क्रमानं बोलतो.
अजून आधी वेळापत्रकच.

"म्हणजे मी फक्त झाकण हलवलं," रान्वा म्हणाली.
कॉफी गार होऊ दिली.
मूळ फाइल उघडून सूचनेचा अख्खा ठोकळा उचलला
आणि सगळ्यांच्या आधी लिहिला.
आता रुंद पडद्यावरही तीच डावीकडे,
बाकावर जागा बदलून बसलेली.
आठवडाभर आमच्या डोळ्यांना ते खुपत राहिलं.

सकाळी वारा पडला.
सूचनेत एकच ओळ होती:
आज सगळ्या फेऱ्या वेळेवर.
तरीही ती वरच राहू दिली.