कानखूण

ट्रोम्सोत नोव्हेंबरअखेर सूर्य वर येत नाही.
सकाळी अकराला मी दिवा लावून बसते.
उजेड खालून काचेत शिरतो
आणि काचेवर असते राव्दना,
म्हणजे तिच्या यकृताचा एकोणीस मिलिमीटरचा धागा,
गुलाबी, मधेमधे निळा.

माझ्यापर्यंत माणसं येत नाहीत, जन्मतारखा येतात.
ती मात्र आली, काउतोकेइनोहून, दिवसभर बसमध्ये बसून,
डोळ्यांच्या कोपऱ्यात अजून हळद.
"बघायचंय," म्हणाली, "कोण खातंय ते."

मी खुर्ची सोडली.

हे निळे ठिपके, लिम्फोसाइट.
जिथून रक्त आत येतं त्या दाराशी जमलेत.
ही पेशींची रांग म्हणजे कुंपण. इथे फुटलंय.
ह्या प्लाझ्मा पेशी, केंद्रक एका कडेला सरकलेलं,
बाकी सगळी जागा प्रतिपिंडांच्या कारखान्याला.
आणि ही बघ, एक टी-पेशी
यकृताच्या पेशीच्या पोटात शिरून बसलीय,
अख्खीच्या अख्खी,
पाहुणी की दरोडेखोर, काचेवरून कळत नाही.

"लांडगे नाहीत?"
नाहीत. विषाणू शोधले, दारूचं विचारलं, औषधं पाहिली.
तुझेच आहेत.

बराच वेळ ती फोकसचं चाक पुढेमागे फिरवत राहिली.
मग सांगितलं, रेनडियरच्या पाडसाच्या कानाला
सुरीनं खाच पाडतात तिच्याकडे.
डाव्याला टोकाशी दोन, उजव्याला मागून एक.
धावत्या कळपात, उडत्या हिमात
पोरंसुद्धा सांगतात, कुणाचं.
"ह्यांनाही शिकवत असेल ना कुणी?"

शिकवतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची शाळा असते.
घरच्यांवर धावून जाणाऱ्यांना
तिथून बाहेर पडू देत नाहीत. बहुतेकांना.

"बहुतेकांना," ती म्हणाली.

इस्साट मामा म्हातारपणी
स्वतःचीच जनावरं परकी म्हणून
कुंपणाबाहेर हाकलायचा.
खोटं बोलत नव्हता. डोळे शाबूत होते.
खूण तेवढी मनातून पुसली होती.
रात्री दमून यायचा
आणि कळप राखला म्हणून पोटभर जेवायचा.

मग काय केलंत त्याचं?

"काय करणार? शेकोटीपाशी बसवला.
उठू लागला की पुन्हा कॉफी."

प्रेडनिसोलोन साधारण तेच करतं, मी म्हटलं.
फक्त ते सगळ्यांनाच बसवतं,
शहाण्या राखणदारांनासुद्धा.
तेव्हा साध्या तापालाही जप.

"आणि त्यांच्यात आवरणारं कुणीच नाही?"
आहेत, नियंत्रक टी-पेशी. थोड्या.
पण ह्या रंगात त्या ओळखू येत नाहीत.
चावणारा निळा, आवरणाराही निळाच.

एका चौकटीत किती, ते मी मोजू लागले.
अहवालात लिहावं लागतं.
तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.
"कळप केवढा, हे आमच्यात
कुणी तोंडावर विचारत नाही."

आकडा मी ती गेल्यावर लिहिला,
पेन्सिलीनं.