पाचवी बाबागाडी

सहा चाळीसला फोन:
इंगरलिसेची पाठ धरलीय,
तिच्याकडच्या चौघांतलं एक आज माझ्याकडे.
म्हणजे माझी चार, वर एक.
हात दोनच. ते नगरपालिका विचारत नाही, मीही सांगत नाही.

लेमविगच्या खाडीवर अजून काळोख.
आधी माल्थे, बापाच्या खांद्यावर अर्धा झोपेत,
बापाच्या अंगाला कालच्या जाळ्याचा वास.
मग एलिनोर, तिला बूट काढायचेच नाहीत.
मग जुळी, स्टोर्म आणि सीफ,
कोण कुणाला चावलं ते दोघंही सांगत नाहीत.
सगळ्यांत शेवटी पाहुणी.
विल्या, चौदा महिने,
मुठीत लाकडी चमचा, घट्ट,
घरातून एवढंच उचलता आलं असावं.

ओटची पेज, पाच लाळेरी.
एकाचं नाक पुसावं तर दुसरीचं वाहतं,
दुसरीचं पुसावं तर तिसरा टेबलाखाली
मांजराच्या वाडग्यातलं चाखून बघतोय.
मांजर खिडकीत.
त्याला आमचं वेळापत्रक पाठ आहे.

बाहेर न्यायचं म्हणजे
लोकरी बनियन, मोजे, त्यावर मोजे, टोपी,
आणि तो अंगभर फुगीर डगला
ज्यात मूल घालावं तर हात बाहेर, हात घालावा तर पाय.
पाचव्याची चेन गळ्यापर्यंत ओढते न ओढते
तोच पहिल्याच्या चेहऱ्यावर ती एकाग्रता.
मी वासाची वाट बघत नाही.
डगला, टोपी, मोजे, मोजे, बनियन,
सगळं उलट्या क्रमाने.
तोवर वारा फिरला, बाहेर गारा.

बाराला सगळी मागच्या छपराखाली,
आपापल्या बाबागाडीत, पिसांच्या दुलईत.
थंडीत झोप दाट लागते म्हणतात इथं,
आणि मुलं ते खरं करून दाखवतात.
चार झोपली.

विल्याला ही गाडी नकोय.
हिचं छत निळं, तिच्या गाडीचं वेगळं असेल,
किंवा हिला तिच्या उशीचा वास नाही.
मी दांडीला दोरी बांधते, दुसरं टोक घोट्याला,
पायरीवर बसते मांडीत गाजरं घेऊन.
ओढ, सोड.
ओढ, सोड.
एकतीस वर्षं हा पाय असाच,
एका जागी किती चाललाय कोण जाणे.

माझी स्वतःची दोन या दोरीवर झोपली नाहीत.
तेव्हा मी मासळीच्या कारखान्यात, पट्ट्यासमोर उभी,
आणि माझ्या मुलांना झोपवायची थोरा,
खालच्या गल्लीतली.
संध्याकाळी घाईत विचारायची मी तिला, काय केलं आज?
खेळली, जेवली, झोपली, म्हणायची थोरा.
तीन शब्दांत अख्खा दिवस.
मला ते पुरायचं.
तिच्या घोट्याकडे मी कधी पाहिलं नाही.

दीडला विल्याचे डोळे मिटले.
मूठ सुटली.
चमचा मी काढून ठेवला, डोळ्यात जाऊ नये म्हणून.
आणि तेवढ्यात माल्थे उठला.

साडेतीनला पुन्हा अंधार, दारात रांग.
विल्याची आई धापा टाकत, ओले केस,
काय केलं आज?
मी म्हटलं,
खेळली, जेवली, झोपली.

रात्री अंथरुणात
प्रेबेन पुस्तक मिटून म्हणतो, पाय हलवू नकोस गं,
पलंग करकरतोय.
कुणाला झोपवतेयस?
मी हसते, स्वेटर खुर्चीवर टाकायला उठते,
खिशात काहीतरी कडक.

चमचा.

दहा वाजायला आलेत.
या गावात कुठल्यातरी घरात
एक मूठ उघडी आहे, झोपत नाहीये,
आणि तिची आई सगळ्या दुलया झटकतेय.
पत्ता माझ्या वहीत आहे.
उजाडल्यावर देता येईल. खरं तर तेच शहाणपणाचं.

प्रेबेन,
गाडीची किल्ली कुठे ठेवलीस?