खुणेच्या चार ओळी

पवनचक्कीचं पातं थांबलं की माझी वेळ.
माडग्याळच्या माळावर वाऱ्याची खबर
दुसऱ्या कुणाला विचारायची?
टेकडीवरचे ते तीन पांढरे हात
दिवसभर कुठल्याशा गावाला वीज ढकलतात,
ऊन कलल्यावर दमतात.
तेव्हा मी पंप पाठीला लावतो.

पंधरा लिटर पाणी. पंचाहत्तर ग्रॅम जस्त.
चुना रात्रीच भिजवलेला, त्याची वरची निवळी तेवढी.
हिप्परगी बाईंनी काटा दिला होता, त्याचा सेल संपला,
आता काड्यापेटीनं मोजतो.
तीन पेट्या, वर बोट फिरवून सपाट.
बाई म्हणाल्या, "याला औषध म्हणू नका,
हे जेवण आहे."

"प्यायला टँकर, अन् तू पानं धुतोस?"
चन्नाप्पा बांधावरून ओरडतो.
त्याचं खोटं नाही.
हेही पाणी टँकरचंच, टिपाडाच्या तळाचं,
आधी त्यात नातवाची दुपटी बुडवावीत असं.

पण शाळूच्या दोन ताटांमधल्या भेगेत
माझा हात कोपरापर्यंत जातो.
जस्त मातीत आहे, ओल नाही म्हणून हलत नाही.
रेशनच्या दुकानात गहू आलाय
आणि मशीन अंगठा घेत नाही, तसं.
मूळ खाली रांगेत उभं.
मग पानाच्या तोंडाशी घास नेायचा तो असा,
धुक्यासारखा, थेंब ओघळू न देता,
पोटरीत एकदा,
दाणा दुधात असताना एकदा.

मधल्या चार ओळी सोडायच्या.
लाल चिंध्यांच्या काठ्या रोवल्यात बाईंनी.
तिथं नुसतं पाणी मारायचं,
फरक कळायला पाहिजे ना.
तिथं नळी फिरवताना हात जड होतो,
पंगतीत बसवून चौघांना
रिकामं ताट सरकवल्यासारखं.

त्याच आठवड्यात उपकेंद्रात
नर्सनं अंबिकाची खालची पापणी अंगठ्यानं ओढली.
मी दाराशी नातवाला घेऊन.
आतलं पान फिकट, माझ्या शाळूच्या शिरेलगत
पट्टा उमटतो तसं.
कार्डावर आठ पॉइंट दोन.
"गोळ्या घेतेस?"
गोळ्या कोनाड्यात होत्या. तीसातल्या पाच गेलेल्या.
"तोंडाला लोखंडाचा वास येतो," ती म्हणाली,
मला नाही, भिंतीला.

बाईंना विचारलं, लोहही फवारतात का?
फवारतात.
दाण्यात उतरतं?
"थोडं उतरतं. माणसाच्या अंगी किती लागतं
ते मी छातीठोक सांगणार नाही.
तिला गोळ्या घ्यायला लावा, जेवल्यावर."

दुसऱ्या फवाऱ्याला दोन्ही कालवलं.
सदऱ्यावर पाठीशी गंजाचे डाग पडले, गेले नाहीत.
दुपारी बांधावर बसून बघायचो:
चिंध्यांमधली पानं अकरालाच सुरळी करायची,
बाकीची आणखी तासभर
उघडी राहायची उन्हापुढं.
एवढंच दिसलं. खोटं कशाला सांगू.
पाखरांनी दोन्हीकडची कणसं सारखीच टिपली,
त्यांना चिंधी कळत नाही.

मळणी वेगवेगळी केली. दोन पोती,
एकाच्या तोंडाला लाल दोरा.
मूठमूठ दाणे पाकिटात घालून बाईंनी कोल्हापूरला धाडले.
कागद अजून आला नाही.

काल अंबिकानं दोन्ही पिठांच्या भाकऱ्या थापल्या,
टोपल्यात शेजारी शेजारी ठेवल्या.
"ओळखा मामा, कुठली कुठली."
मी ह्या भाकरीचा चतकोर खाल्ला, त्या भाकरीचा खाल्ला,
मधे पाणी प्यालो, परत खाल्ला.
नाही ओळखता आली.
ती हसली. बाळंतपणानंतर
पहिल्यांदाच आवाज करून,
आणि उरलेली भाकरी चुलीपाशी उभ्यानंच खाऊ लागली,
दोऱ्याची की बिनदोऱ्याची, तिचं तिलाच ठाऊक.
कोनाड्यातलं पाकीट अर्ध्यावर आलं होतं.

सुनेच्या डोळ्यात निरखून बघायची
आमच्यात रीत नाही.
मी दारातून टेकडीकडं बघितलं.
पातं फिरत होतं.