सातवा रकाना

मिरजेतल्या आमच्या रुग्णालयाचा तळमजला, रेकॉर्ड रूम.
महिन्याभराचे केसपेपर. एकशे चाळीस.
पंखा बंद ठेवलाय, कागद उडतात म्हणून.

फॉर्म सोपा आहे :
प्रतिजैविक कोणतं. कधी सुरू, कधी बंद.
कल्चर आधी पाठवलं का.
सातव्या रकान्यात एकच अक्षर,
योग्य असेल तर यो, नाहीतर अ.

गुलाब तांबोळी, अठ्ठावन्न, राहणार जत.
थंडीताप, लघवीला जळजळ. पहिल्याच रात्री इंजेक्शन.
तिसऱ्या दिवशी आमच्याच लॅबचा रिपोर्ट :
या औषधाला जंतू दाद देत नाहीत.
रिपोर्ट उलटा टाचलेला. कुणी वाचलेला नाही.
नऊ दिवस तेच इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ,
समोर सिस्टर आवळेंच्या वळणदार सह्या, एकही राहिलेली नाही.
दहाव्या दिवशी : रुग्ण बरा, घरी सोडले.
मी लिहिलं, अ.

अक्काताई खोत, बेडग.
कल्चर आधी. मात्रा वजनाप्रमाणे.
रिपोर्ट आला त्याच दुपारी औषध बदललं.
विद्यार्थ्यांना दाखवावा असा कागद.
शेवटची नोंद पहाटे चार दहाची,
खाली मुलाचा अंगठा, शव ताब्यात मिळाले.
मी लिहिलं, यो.
आणि पुढचा कागद ओढायला हात जाईना.

डॉक्टर मगदूम चहा घेऊन खाली आले.
म्हटलं, ऑपरेशनआधी एक डोस पुरतो,
तुमचे पाच-पाच दिवस चालतात.
मगदूम तासगावचे. म्हणाले,
मॅडम, आमच्याकडं ढग दिसला की डावणीचं औषध मारतात.
रोग यायची वाट बघत बसलं तर बाग जाती.
आणि पुढच्या वर्षी? मी विचारलं.
पुढच्या वर्षी दुसरं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी महागाचं.
बोलता बोलता थांबले.
कप उचलला तर फॉर्मवर गोल ओला डाग.

संध्याकाळी लॅबमध्ये कालची प्लेट उघडली.
जंतूंची दुधी साय, तीवर औषधांच्या सहा चकत्या.
औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं.
चार चकत्यांना वर्तुळच नाही.
साय थेट कडेला भिडलेली,
मैलाच्या दगडाला गवत भिडतं तशी.
पाचवीला नखाएवढं.
सहावं औषध आम्ही मागे राखून ठेवलेलं,
माझ्या सहीशिवाय वॉर्डात जात नाही.
पट्टी लावली. एकवीस मिलिमीटर.
गेल्या वर्षी सव्वीसच्या खाली क्वचित यायचं.
पुन्हा मोजलं. एकवीस.

या आकड्याला माझ्या फॉर्मवर रकाना नाही.
पहाटे चारला दारात उभ्या मुलाला नाही,
मगदूमांच्या ढगालाही नाही.

घरी निघताना परत खाली गेले.
तांबोळींच्या कागदाची टाचणी काढली,
रिपोर्ट सुलटा करून पुन्हा टाचला.
ते जतला पोचून महिना झाला.