बारावा

अकरा जण खेळायचे. मी बारावा.
माझं काम रेषेबाहेर, कडुनिंबाखाली:
अकरा डोक्यांवरचं सांभाळणं.

कॅप्टन बारगळची होळकरशाही पगडी,
तिला मांडीवरसुद्धा पाट लागायचा.
हमीदुद्दीनची तुर्की टोपी, काळ्या गोंड्याची.
झमकलाल बाकलीवालचा केशरी फेटा;
सुटला तर पुन्हा बांधायला अर्धा तास,
म्हणून तो द्यायचा भरल्या घागरीसारखा, दोन्ही हातांनी.
मिशनच्या सॅम्युएलची हॅट,
आत शाईनं आधीच्या साहेबाचं नाव.
आणि बापू महाशब्देची काळी टोपी,
तेलानं आतून आरशासारखी.

चेंडू कलकत्त्याहून पार्सलनं आला,
सहा रुपये दोन आणे, हमाली वेगळी.
बापूच्या आईनं विचारलं, चामड्याचा?
त्या दिवसापासून बापू मागच्या दारानं घरात,
आधी न्हाणी, मग पाट-पाणी.
"पायानं मारतोस ते एक वेळ ठीक. डोक्यानं?"
बापू शेंडीला घट्ट गाठ मारायचा
आणि डोक्यानंच मारायचा.

भाद्रपदात माळव्याची काळी माती
पाय धरून ठेवायची, सावकारासारखी.
रतलामशी शून्य-शून्य; दोन्ही संघ ओळखू येईनात.
देवासला तीन गोल खाल्ले, वर कचोऱ्या.
उज्जैनला जिंकलो,
पंच त्र्यंबक तारेचा मामा होता
हे आम्ही इंदूर स्टेशन येईपर्यंत बोललो नाही.
महूच्या पलटणीला बूट होते.
चार गोल झाले आणि त्र्यंबकच्या नडगीला खोक.
एका तांबूस सोजिरानं गुडघ्यावर बसून
स्वतःचा रुमाल बांधला तिला.
त्र्यंबकनं तो धुतला, नीळ घातली,
परत द्यायला महूला गेला,
तर पलटण पेशावरला गेलेली.

कार्तिकात जुन्या इंदुरात उंदीर पडले.
कॉलेजला कुलूप.
माणसं गावाबाहेर आली, कनातीत, पालांत,
आमच्या मैदानावरही.
गोलच्या दोन बांबूंना कुणी तरी पाल बांधलं,
आडव्या बांबूला झोळी.
आत रोज एक मूल झोके घेई
आणि त्याला अडवायला कुणी नसे.

शेवटच्या सरावाला बापू घाईत गेला होता, टोपी विसरून.
पुढं त्याच्या घरातलं सगळं जाळलं:
गाद्या, पंचांग, लॉजिकची वही.
टोपी माझ्या खुंटीला होती.

माघात पालं उठली.
धारचा संघ आला. आमचे दहा.
बारगळनं माझ्याकडं पाहिलं, म्हणाला, "चल."
मी उठलो आणि मला कळेना,
ही सगळी डोकी आता कुणाकडं द्यायची?
उपरणं पसरलं, त्यावर ओळीनं मांडली,
शेवटी माझीही.

अर्धा वेळ मी चेंडू पाहिला,
अर्धा वेळ एक बकरी, जी उपरण्याकडं निघाली होती.
एकदा चेंडू वरून आला. मी डोळे मिटले.
कपाळावर बदाबद माळवा आदळला.
कुठं गेला ते माहीत नाही; लोक ओरडले,
आनंदानं की कसं, तेही.
आम्ही एका गोलनं हरलो.
बकरीनं हमीदुद्दीनचा गोंडा खाल्ला.
तो म्हणाला, "जाने दे यार, गरम भी बहुत थी,"
आणि मग इतका हसला की खाली बसला,
आणि मग नुसता बसून राहिला.

संध्याकाळी तसाच महाशब्द्यांकडं गेलो,
टोपी रुमालात गुंडाळून, पुढच्या दारानं.
काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं होतं.
त्यांनी दार उघडलं,
माझे पाय पाहिले, गुडघे पाहिले,
कपाळावरचा गोल, चिखलाचा शिक्का पाहिला.

"चेंडूला शिवलास ना?
मागून ये. आधी न्हाणीत जा.
पाणी तापलंय."