फुली

विहिरीच्या कामाची यादी आम्ही
साध्या अक्षरांत ठेवली होती.
रंग नाही, रकाने नाहीत,
घंटा वाजवून आठवण देणारं काही नाही.
एक फाइल. नाव नुसतं ‘काम’.
ओळीच्या सुरुवातीला चौकोनी कंस,
कंसात एक रिकामी जागा,
घागरीची वाट पाहणाऱ्या चुंबळीसारखी.
शेवटी ज्याचं काम त्याचं नाव.

[ ] गाळ, पाच फूट : दसरूजी
[ ] पंप भाड्याने, शनिवारपर्यंत : जुबेर
[ ] महापालिकेला पत्र, तिसऱ्यांदा : चित्रलेखा
[ ] जाळी : कोण?

काम झालं की कंसात फुली.
एवढंच व्याकरण.

सुमेध लिहायचा बुटीबोरीहून,
रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, एका अंगठ्याने.
चित्रलेखा कोर्टाच्या पायऱ्यांवरून.
मी पाचपावलीतच, विहिरीपासून सात घरं.
एकदा दोघांनी एकच ओळ बदलली
आणि फाइलने दोन्ही ठेवल्या, एकीखाली एक :
पंप दोन इंची. पंप तीन इंची.
दोन दिवस ओळीच भांडत राहिल्या,
माणसं बोलली फक्त जेवलात का एवढंच.

दसरूजी निनाव्यांचा फोन बटणांचा.
म्हणून जुबेर रोज सकाळी दुकान उघडलं की
पहिला कागद यादीचा काढायचा
आणि येता येता टपरीच्या खांबाला चिकटवायचा,
तर्री-पोह्याच्या वाफेत.
दुपारपर्यंत कागदाच्या कडा वळायच्या.
मे महिना. सावलीसुद्धा भाजायची.

गुरुवारी गाळ संपला.
मी स्वतः वाकून पाहिलं, स्वतः फुली मारली,
आणि कूलरसमोर निवांत झोपले.

शनिवारी गेले तर दोर खाली सोडलेला,
घमेली वर येताहेत काळी, ओली,
आणि आतून दसरूजींचा आवाज, घुमून दुप्पट झालेला.

अहो, गाळ तर झाला होता ना?

वर आले. डोक्याचा दुपट्टा पिळला.
खांबाकडे बोट केलं.
‘बाई, आमच्या शाळेत गुरुजी
चुकलं का फुली मारत.
तुमी त माह्या कामावर फुली मारली.
म्या म्हटलं, काहीतरी राह्यलं असन.
पुन्ना उतरलो.’

ना राग, ना उपहास.
मान खाली, चौथीतल्या मुलासारखी,
आणि वय त्र्याहत्तर.

मी कागदाकडे पाहिलं.
बारा कामं झालेली, बारा फुल्या.
तीन आठवडे हा माणूस
रोज चहा पिता पिता
आपण नापास झाल्याचं वाचत होता
आणि एक शब्द न बोलता
पुन्हा करत होता, पुन्हा करत होता.
काठाचे दगड दोनदा घासलेले.
पिंपळाची मुळं दोनदा छाटलेली.
मला वाटायचं, किती नीट काम करतात!

त्या दीड फूट जास्तीच्या गाळाखाली
पूर्वेच्या अंगाला एक फट निघाली
आणि फटीतून करंगळीएवढी धार.
सगळे वाकून पाहत होते.
मी हिशेब करत होते.
रात्री ओळ लिहिली :
[ ] चार माणसं, दोन दिवस, जास्तीची मजुरी : मी

त्याच रात्री फाइलभर फुल्या पुसल्या.
जागोजागी झालंचा ‘झ’ टाकला.
जुबेर म्हणाला, आधीच का नाही सुचलं बे?
कोणाकडे उत्तर नव्हतं.
आम्ही चौघंही शाळेत गेलो होतो,
चौघांच्याही वह्यांत गुरुजींच्या लाल फुल्या होत्या.
कधी विसरलो कोण जाणे.

सोमवारच्या कागदावर तळाशी पेन्सिलीने
वाकडा कंस आणि एक ओळ होती.
जशी होती तशीच मी फाइलीत उतरवली :
[ ] पानी पिउन पाहने
नाव नव्हतं.
संध्याकाळपर्यंत त्या ओळीपुढे चार नावं आली.
पाचवं मी लिहिलं, दसरूजी,
त्यांना न विचारता.

जाळीची ओळ मात्र अजून तशीच आहे.
शेजारची पोरं काठावर पोट टेकवून
आत नाव घेऊन ओरडतात.
कोण?