दर्शनी भाग

बावीस वर्षं समन्स बजावतोय.
राजापूर तालुक्यात असा उंबरा नाही
ज्यानं माझ्या चपला पाहिल्या नाहीत.
माणूस घरात असतो आणि "मुंबयला गेलाय" म्हणतात.
मी दोरीवरच्या ओल्या पंच्याकडे बघतो
आणि ओटीवर बसून राहतो, तो येईपर्यंत.
नाहीच आला, तर कायदा सोपा आहे :
घराच्या दर्शनी भागावर एक प्रत डकवणे,
दोन पंचांच्या सह्या घेणे.

या दाव्यात प्रतिवादी क्रमांक एक, नकाशावाली कंपनी.
क्रमांक दोन, तिचा मालक.
पत्ता बेंगळुरूचा, काचेची इमारत, सातवा मजला.
पाकीट परत आलं, शेरा : या नावाचे येथे कोणी नाही.
दुसरा पत्ता समुद्रापलीकडचा. तिथून पाकीटही आलं नाही.
माझं घर मात्र त्यांच्याकडे आहे,
परसातल्या विहिरीसकट.

हकिगत अशी :
वैशाखातली पौर्णिमा. भरती.
राधानगरीहून आंबा भरायला निघालेला रिकामा टेम्पो.
निळी रेघ तेरवणच्या धक्क्यापर्यंत आली
आणि थांबली नाही. पुढे पूल दाखवला होता.
तो पूल मंजूर आहे. अकरा वर्षांपूर्वी नारळही फुटला,
खांब एकही नाही.
दिलीप चौगुले घाटावरचा माणूस,
चांदण्यात खाडी डांबरासारखी दिसते
हे त्याला कोण सांगणार?

कासम होडेकर, पूर्वी तिथली तर चालवायचा,
साक्षीत म्हणाला :
"दिवे पान्याखाली जळत व्हते, सायेब, लय वेळ.
त्याच्या आधी काच उघडी व्हती तवर
आतली बाई बोलत व्हती. सरळ जा. सरळ जा."

इमेलनं बजावणी झाली तेव्हा क्रमांक एकचा वकील उभा राहिला.
अटी व शर्ती, पान अडतीस.
मयतानं 'मान्य' दाबलं होतं.
मालकांचा दैनंदिन कामाशी संबंध नाही.

मग कासमच्या भाच्याचा फोन पुढे आला.
निशाणी बेचाळीस. नऊ निरोप, दीड वर्षातले.
'हितं पूल नाय. तर व्हती, तीपन बंद. रेघ पुसा.'
नवव्यासोबत फोटो, नुसतं पाणी.
नऊ उत्तरं, शब्द न् शब्द तेच :
'आभारी आहोत. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.'
शेवटचं, अपघाताच्या अकरा दिवस आधी.

मॅडमनी ते दोनदा वाचलं.
"या उत्तराखाली सही कुणाची?"
"यंत्रणेची, युवर ऑनर."
"आणि यंत्रणा कुणाची?"
टायपिस्टची बोटं कीबोर्डवर थांबून राहिली.
पंखा तेवढा फिरत होता.

हुकूम झाला : क्रमांक दोननं जातीनं हजर राहावं.
प्रत मालमत्तेच्या दर्शनी भागावर डकवावी.

मालमत्ता शोधत मी तेरवणला गेलो.
या तालुक्यात त्यांच्या मालकीचा
तो एक पूलच.
धक्क्याच्या शेवटच्या दगडावर, जिथून तो सुरू होतो,
प्लास्टिकमध्ये गुंडाळून प्रत डकवली.
पंच : कासम, आणि कालवं काढून परतणारी एक बाई.
तिनं विचारलं, "ह्या कोन वाचनार?"
मी म्हटलं, अंगठा इथे.

काल तारीख होती.
वासू पट्टेवाल्यानं व्हरांड्यात येऊन पुकारा केला,
बांधाच्या भांडणातल्या कुणाचाही करतो तसाच.
"ऑर्डन हॅस्लर हाजिर?"
नाव तोंडात बसेना. दुसऱ्यांदा हसलर.
तिसऱ्यांदा सरळ हसलेकर.
कुणी हसलं नाही.
चहावाल्यानं किटली खाली ठेवली.
बाकावरून वनिता चौगुले, पहाटेच्या एसटीनं आलेली,
अर्धी उठली, फाटकाकडे बघत.

पुढली तारीख एकोणीस जून.
पाऊस असेल.
खळ जरा घट्ट करायला हवी.